वाक्यात उपयोग करा

नौपाड्यातल्या त्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन दारं समोरासमोर होती. एकावर दातांच्या डॉक्टरांची पाटी, दुसऱ्यावर 'इंग्रजी संभाषण वर्ग – सौ. कुमुद गुप्ते'. वर्षाली जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून पाटी वाचत होती, ती मात्र दातांच्या डॉक्टरांची. केव्हाच वाचून झाली होती, तरी वाचत होती. कारण तिच्या मागून कुणीतरी वर आलं होतं.

निळा शर्ट, बाहीवर ग्रीसचा एक डाग – धुऊन धुऊन जो आता शर्टाचाच झाला होता. तोही थांबला. त्यानेही डॉक्टरांचीच पाटी वाचायला घेतली.

"डॉक्टर आहेत का?" त्याने विचारलं.

"बघायला पाहिजे. मी पण आत्ताच आलेय."

"दाढ?"

"हो," वर्षाली म्हणाली आणि उगाच गालावर हात ठेवला. "तुमची?"

"अक्कलदाढ."

"आत्ता येतेय?"

"उशीरच झालाय तसा."

मग दोघं शांतपणे उभी राहिली, दोन खोट्या दाढा सांभाळत. इतक्यात समोरचं दार उघडलं आणि पांढऱ्या केसांच्या, ताठ बांध्याच्या बाई बाहेर डोकावल्या. "दातांचे डॉक्टर सोमवारी बसत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघंही माझ्याकडचेच. जे कोणी पहिल्या दिवशी येतं, त्याची दाढच दुखत असते. या आत, पंखा लावलाय."

वर्षालीने त्याच्याकडे बघितलं नाही, त्याने तिच्याकडे बघितलं नाही. पण हसू आवरायला दोघांनाही जिन्याचा कठडा लागला.

त्याचं नाव सुमित. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मशीन दुरुस्त करायचा, राहायला वर्तकनगरला. मशीन कुठे कण्हतेय हे त्याला लांबून ऐकू यायचं; पण साहेब लोक मीटिंगमध्ये इंग्रजीत काही विचारू लागले की त्याचाच आवाज बंद पडायचा. वर्षाली चेंदणी कोळीवाड्यातली, आवडाबाईची धाकटी. आई मासळी बाजारात बसते, ही नौपाड्यात एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात फोन घेते. गुडघे धरून येणारे घोडबंदरच्या टॉवरमधले आजोबा फोनवर फडाफडा इंग्रजी बोलायचे, आणि ही "होल्ड ऑन सर, होल्ड ऑन सर" करत डॉक्टरांना शोधत पळायची. तेवढं एक 'होल्ड ऑन' तिला पक्कं येत होतं.

गुप्ते मॅडमचा सगळा जीव होता तो असल्याच जोडक्रियापदांत.

"गिव्ह म्हणजे देणं, हे शेंबडं पोरही सांगेल," त्या म्हणायच्या. "पण त्याच्या शेजारी अप येऊन बसलं की देणं संपलं, हार मानणं झालं. तेच लुक. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, लुक फॉर म्हणजे शोधणं, लुक फॉरवर्ड टू म्हणजे डोळे लावून बसणं. घाबरू नका. आपल्याकडे नाही का? भूक लागते, ठेच लागते, नजर लागते आणि मनही लागतं. लागणं एकच. कुणाबरोबर लागलंय ते बघायचं. माणसांचंही तसंच असतं. एकटा असताना एक, जोडीला कुणी आलं की वेगळाच."

वर्ग सोमवारी आणि शनिवारी. वर्गात नियम तीन. पहिला, मराठी बोलायचं नाही. जो बोलेल त्याने मॅडमच्या स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसाठी चहा करायचा. दुसरा, ज्याची ज्याच्याशी जोडी लावलीय त्याने त्याच्याशी रोज संध्याकाळी फोनवर दहा मिनिटं बोलायचं, दिवसाची क्रियापदं वाक्यात वापरून. आणि तिसरा, मॅडमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा – वाक्य खरं असायला हवं असं नाही, बरोबर असलं की झालं. म्हणून समोरच्याला 'हे खरं का?' असं कधीही विचारायचं नाही. माणूस खऱ्याला लाजतो, म्हणून त्याची जीभ अडते, असं त्यांचं म्हणणं.

त्या नियमाने वर्गात बहार यायची. किराणा दुकानवाले रतनशेठ दर सोमवारी आपल्या सासूबाईंना 'पास अवे' करायचे. सासूबाई ठणठणीत होत्या. वर्गासाठी ढोकळाही पाठवायच्या. तो खाऊन सगळे पुढच्या सोमवारी त्यांना पुन्हा श्रद्धांजली वाहायला मोकळे.

वर्षालीची जोडी लागली सुमितशी. कारण काय, तर दोघांच्या दाढा.

पहिल्या फोनवर दहा मिनिटांतली नऊ शांततेत गेली. मग सुमित इंग्रजीत म्हणाला, "द मशीन ब्रोक डाऊन."

"ओके," वर्षाली म्हणाली. "हू… हू ब्रोक इट?"

"नोबडी. इट इज ओल्ड. इट इज वेअरिंग आऊट." आणि थोडं थांबून, "लाइक माय सुपरवायझर."

ती हसली. फोनवर तिचं हसू ऐकलं त्या दिवसापासून सुमित मशीनची वाक्यं कमी करू लागला.

स्वतःबद्दल बोलायचं तर लाज वाटते, आणि मशीनबद्दल बोलून बोलून किती बोलणार? म्हणून त्यांनी दोन माणसं तयार केली. त्याचा बंटी आणि तिची पिंकी. बंटी सकाळी उशिरा गेट अप व्हायचा, पिंकीची रिक्षा रन आऊट ऑफ गॅस व्हायची. बंटी पिंकीला बाजारात रन इन्टू झाला. मग दोघं फॉल आऊट झाले – बंटीने तिचा बोंबील नावाजला नाही म्हणून. मग मेक अप. मेक अप म्हणजे लिपस्टिक नाही, भांडण मिटवणं, हे मॅडमनी सांगितलं तेव्हा वर्षालीला फार आवडलं. त्या आठवड्यात बंटी-पिंकी रोज भांडली, रोज मिटवायला मिळावं म्हणून.

नारळी पौर्णिमेला वर्षाली पारंपरिक साडी नेसून, कानात आजीचे सोन्याचे वेल घालून तशीच वर्गाला आली. खाडीवर नारळ वाहून यायला उशीर झाला होता. सुमितने मान वर केली आणि हातातलं पेन खाली ठेवलं. दिवसाची क्रियापदं फळ्यावर होती, तरी त्याने वहीत एकही उतरवलं नाही. संध्याकाळी फोनवर म्हणाला, "टुडे पिंकी ड्रेस्ड अप. बंटी कुड नॉट… कुड नॉट…"

"कुड नॉट व्हॉट?"

"आय विल लुक अप द वर्ड," तो म्हणाला. शब्दकोशात बघून सांगतो. आजवर सांगितला नव्हता.

इंग्रजीची एक सोय फार मोठी. त्यात 'यू' म्हटलं की काम भागतं. मराठीत मात्र माणसाला ठरवावं लागतं – तू की तुम्ही. तुम्ही म्हणावं तर इतक्या फोनांनंतर ते खोटं वाटणार, आणि तू म्हणावं तर… तर ते फार खरं होणार. म्हणून जिन्यात, रस्त्यात, मराठी बोलायची वेळ आली की दोघंही वाक्यं अशी वळवायची की तो शब्द यायलाच नको. "निघायचं?" "आज उशीर झालेला दिसतोय." "राम मारुती रोडने जायचं का?" नवी नवरी नवऱ्याला हाक मारताना जशी अडखळायची, तसा हा प्रकार. पण कुणाच्या ते ध्यानात येत नव्हतं, त्या दोघांशिवाय.

असं सगळं छान चाललं होतं. आणि तुळशीची लग्नं लागली.

तुळस उजवली की घराघरांतल्या मावश्या जाग्या होतात. वर्षालीची रंभामावशी तर झोपलेलीच नसते. तिने उरणकडच्या करंजाचं स्थळ आणलं. मुलाची स्वतःची बोट, स्वभावाने गरीब, फोटोत जरा रागावलेला पण फोटोत कोण नसतं? रविवारी बघायला येणार. वर्षालीला त्या मुलात नाव ठेवायला काही सापडेना, हीच तर पंचाईत होती. नाही म्हणायला कारण लागतं. आणि तिच्याकडचं कारण इंग्रजीत होतं, तेही पिंकीच्या नावावर. रविवारी पोहे पुढे केले, मान खाली घातली की मावशी होकार गृहीत धरणार, हे तिला ठाऊक होतं.

सोमवारी फोनवर तिने धीर केला.

"पिंकीज फॅमिली इज लुकिंग फॉर अ बॉय," ती म्हणाली. "दे आर कमिंग ओव्हर ऑन संडे. पिंकी वॉन्ट्स टू कॉल इट ऑफ."

तिच्या हातातली ओढणी मुठीत गोळा झाली होती. आता तो विचारेल. नियम गेला खड्ड्यात, विचारेल…

"व्हेरी गुड सेंटेन्स," सुमित खुशीत म्हणाला. "थ्री इन वन."

मंगळवारी तिने पुढे सांगितलं – पिंकी बंटीची वाट बघतेय, बंटीने स्पीक अप करायला हवं. सुमितला कथेतलं हे वळण भारीच आवडलं. आपणही कमी पडायचं नाही म्हणून त्याने विचार करून वाक्य जुळवलं: बंटी पिंकीच्या हळदीला टर्न अप होईल आणि डीजेचे स्पीकर ब्रेक डाऊन होईपर्यंत नाचेल. कोळीवाड्यातली हळद म्हणजे काय असते हे त्याला माहीत होतं, म्हणून विनोद जमला असं त्याला वाटलं.

"गुड," वर्षाली म्हणाली.

"ओन्ली गुड?"

"दहा मिनिटं झाली," ती चक्क मराठीत म्हणाली आणि फोन ठेवला.

बुधवारी तिने फोन घेतला नाही. गुरुवारी दवाखान्यात गर्दी होती असा मेसेज. शुक्रवारी मेसेजही नाही. सुमितला काही उमगेना. मशीनचा आवाज बदलला की त्याला लगेच कळायचं, पण मशीन गप्पच बसलं तर काय ऐकणार?

शनिवारी प्रत्येक जोडीने उभं राहून आपली गोष्ट सांगायची होती. वर्षाली आली. साधा ड्रेस, केस घट्ट बांधलेले, आणि बसली रतनशेठच्या पलीकडे. सुमितच्या शेजारची खुर्ची रिकामीच.

त्यांची पाळी आली. सुमित उठला, घसा साफ केला. "बंटी पुट्स ऑन अ न्यू शर्ट," तो म्हणाला. "ही सेट्स आऊट फॉर द हळदी." वर्ग हसला. रतनशेठने टाळी दिली.

"नाऊ पिंकी," मॅडम म्हणाल्या.

वर्षाली उभी राहिली. वाक्य जुळवताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची तिची सवय सगळ्या वर्गाला माहीत होती. आज हात दोन्ही बाजूंना सरळ होते.

"पिंकी वेटेड फॉर बंटी," ती म्हणाली, कुठेही न अडता. "शी हेल्ड ऑन. शी टोल्ड हिम एव्हरी डे. बट बंटी डिड नॉट फिगर इट आऊट. सो… पिंकी गेव्ह अप. द एंड."

"व्हेरी सॅड," रतनशेठ म्हणाले. सासूबाईंसाठी इतक्या आठवड्यांत एकदाही म्हटलं नव्हतं.

सुमित खाली बसला नव्हता. तो तिच्या हातांकडे बघत होता, त्या न हलणाऱ्या बोटांकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू एकेक पायरी खाली उतरत गेलं.

"हे खरं आहे का?" त्याने विचारलं.

एका दमात दोन नियम मोडले होते त्याने.

"हो," वर्षाली म्हणाली.

"संडे म्हणजे…"

"उद्या."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं की. सोमवारपासून तेच सांगतेय." तिचा आवाज आता जरासा हलला. "व्हेरी गुड सेंटेन्स म्हणे. थ्री इन वन म्हणे."

गुप्ते मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "नियम म्हणजे नियम," त्या म्हणाल्या, तेही मराठीतच. "जा दोघंही. चहा. सगळ्यांना. आलं फ्रिजच्या वर टोपलीत आहे. आणि चांगला उकळू द्या, मला घाईचा चहा आवडत नाही."

स्वयंपाकघर एवढंसं. खिडकीतून समोरच्या इमारतीतल्या कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. वर्षालीने पातेल्यात पाणी ओतलं. सुमित आलं किसू लागला. किसणीवर तो असा वाकला होता, जणू तिच्यात काही बिघाड आहे आणि आजच दुरुस्त व्हायला हवा.

"साखर किती घालायची?" तिने विचारलं. शब्द चुकवून, नेहमीसारखंच.

"तू सांग."

ते 'तू' त्या एवढ्याशा ओट्यावर येऊन पडलं. दोघंही त्याच्याकडे बघत राहिली.

"मी मूर्ख आहे," सुमित म्हणाला. "मला वाटलं, गोष्ट रंगतेय. तू छान सांगत होतीस."

"छान?"

"मला तुझं सगळंच छान वाटतं. त्यात गोंधळ झाला." त्याने किसणी खाली ठेवली. "नारळी पौर्णिमेचा तो शब्द… शब्दकोशात नाही सापडला. मराठीत आहे. मला तू आवडतेस, वर्षाली. बंटीला नाही. बंटी गेला खड्ड्यात. मला."

पाण्याला उकळी फुटत होती. तिने गॅस बारीक केला, मग काहीतरी करायचं म्हणून पुन्हा मोठा केला.

"आईला सांगितलंय मी," तो म्हणाला. "केव्हाच."

"तुझ्या? काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मुलीला सांगितलंस का आधी?"

आता ती हसली, तेच फोनवरचं हसू. पण लगेच गंभीर झाली. "आम्ही कोळी, तुम्ही बौद्ध. आमच्या घरी चालेल असं मी नाही सांगत तुला. चालवावं लागेल. ढकलत न्यावं लागेल."

"ढकलू," सुमित म्हणाला. "बंद पडलेलं ढकलायची सवय आहे मला."

वर्षालीने ओढणीने हात पुसले आणि तिथेच, पातेल्याशेजारी उभं राहून, फोन लावला. आवडाबाई बाजारातच होती. मागे बर्फ फोडल्याचा आवाज येत होता.

"आई, उद्याचं नको."

"काय नको?"

"करंजाचे पावने. त्यांना नको येऊ देऊ."

बर्फाचा आवाज थांबला. गिऱ्हाईक घेणार की नुसता भाव विचारून जाणार, हे आवडाबाईला त्याच्या चालीवरून कळायचं. पोटच्या पोरीचं आवाजावरून कळायला कितीसा वेळ लागणार?

"कोन हाय?"

"सुमित. वर्तकनगरला राहतो. मशीन दुरुस्त करतो. माझ्या वर्गातला." आणि मग, कारण आजचा दिवसच खरं बोलायचा होता, "बौद्ध आहेत ते."

पलीकडे नुसता बाजार. कुणीतरी सुरमईचा भाव विचारत होतं, त्याला उत्तर मिळत नव्हतं. वर्षालीने डोळे मिटले. सुमितने चहाची पूड हातात धरली होती ती तशीच.

मग बर्फ पुन्हा फुटू लागला, सावकाश.

"तुझ्या बापाला मी सांगन," आवडाबाई म्हणाली. "तू मधी पडू नको. त्याला पचायला येल लागतंय. आन रंभाला पन मीच सांगन, तिला तर मना कदीपासून सांगायचंच हाय कायतरी." थोडं थांबून ती म्हणाली, "'हां' मी नाय म्हनलेलं गो अजून. आदी त्याला बघू दे मना. उद्या सकाली धाड त्याला. घरी नाय, बाजारान धाड."

चहा वर्गात गेला तेव्हा उकळून उकळून काढा झाला होता. मॅडमनी एक घोट घेतला. "बरोबर झालाय," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी सुमित मासळी बाजारात आला. नवा शर्ट, इस्त्रीची घडी उभी, हातात कापडी पिशवी. वर्षाली आईच्या शेजारी पाट मांडून बसली होती. ज्या वेळेला घरी पोहे पुढे करायचे, त्या वेळेला ती कोलंबी सोलत होती, आणि इतकी सुंदर ती त्याला नारळी पौर्णिमेलाही दिसली नव्हती.

आवडाबाईने त्याला पायापासून वर बघितलं. हातांवर नजर थांबली. नखांच्या कडांना राहिलेलं काळं ग्रीस बघून तिच्या कपाळावरची एक आठी कमी झाली. काम करणाऱ्याचे हात तिला कळत होते.

"बोल," ती म्हणाली.

सुमितने रात्रभर तयारी केली होती. मराठीत, नीट, मोठ्या माणसांशी बोलावं तसं. त्याने तोंड उघडलं आणि एवढे महिने जे मीटिंगमध्ये कधी आलं नव्हतं, ते आत्ता आलं.

"आय विल लुक आफ्टर हर," तो म्हणाला.

आजूबाजूच्या कोळणींचे कोयते थांबले. आवडाबाईने लेकीकडे मान वळवली.

"ह्याला मराठी येत नाय का गो?"

"येतं," वर्षाली म्हणाली. मान खाली, बोटं कोलंबीत, पण हसू काही केल्या लपेना. "अक्कलदाढ येतेय त्याची. बोलता येत नाहीये."

"तो काय बोलला मंग?"

"मला सांभाळेन म्हणाला."

आवडाबाईने टोपलीत हात घातला, दोन पापलेटं बाजूला सारली आणि खालून तिसरं काढलं – मोठं, चकचकीत, पाव्हण्यांसाठी म्हणून राखून ठेवलेलं. कल्ला उघडून त्याला दाखवला. लालभडक.

"असा बघायचा," ती त्याला म्हणाली. "कोन बी फसवंल नायतर तुला. पिशवी उघड."

त्याने उघडली.

"आयसला दे तुझ्या. म्हनावं, आवडाबायनं धाडलंय." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता वळता, अगदी सहज, "तिला म्हनावं, येकदा बाजारान ये."